पोलिसांची वही यंत्राच्या हाती

ट्रकचा नंबर कुणालाच माहीत नव्हता. ९ ऑगस्ट २०२५, रक्षाबंधनाचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका जोडप्याला अपघात झाला. मागे बसलेली बाई रस्त्यावर पडली, ट्रक तिच्या अंगावरून गेला आणि थांबला नाही. नवऱ्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केले, विनवण्या केल्या. कुणी थांबलं नाही. शेवटी त्यानं बायकोचा मृतदेह मोटारसायकलला बांधला आणि तो गावाच्या दिशेनं निघाला. त्या प्रवासाचं चित्रण देशभर फिरलं.

पोलिसांना त्याच्याकडून एकच धागा मिळाला: ट्रकवर लाल खुणा होत्या. या रस्त्यावर दिवसभरात किती ट्रक जातात आणि त्यातल्या किती ट्रकांवर लाल रंग असतो, हे ज्यानं हा महामार्ग पाहिला आहे त्याला सांगायला नको. नागपूर ग्रामीण पोलिसांनी तीन टोलनाक्यांचं सीसीटीव्ही चित्रण मिळवलं आणि ते 'मार्व्हल'कडे दिलं. तिथं दोन संगणकीय पद्धती वापरल्या गेल्या. पहिलीनं लाल खुणांचे ट्रक बाजूला काढले. दुसरीनं त्या प्रत्येक ट्रकचा सरासरी वेग काढला आणि अपघाताच्या वेळी त्या जागी कोणता ट्रक असू शकतो, हे ताडून पाहिलं. एक ट्रक उरला. अपघाताला ३६ तास व्हायच्या आत तो ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर, सुमारे ७०० किलोमीटर दूर सापडला. चालकाला अटक झाली.

गुन्ह्याच्या तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता कशासाठी हवी, याचं याहून चांगलं उत्तर माझ्या पाहण्यात नाही. तीन नाक्यांचं चित्रण डोळ्यांनी तपासायचं तर चार हवालदार कित्येक दिवस पडद्यासमोर बसले असते आणि तोवर ट्रक धुऊन, रंगवून कुठल्या कुठे गेला असता. ज्या माणसासाठी भर रस्त्यात एकही गाडी थांबली नाही, त्याला निदान तपासाच्या बाबतीत तरी ताटकळावं लागलं नाही. म्हणूनच ही घटना नीट उलगडून पाहायला हवी. यंत्राला विचारलेला प्रश्न एका वस्तूबद्दल होता: या वेळी, या जागी, या खुणेचा कोणता ट्रक होता? शोध सुरू झाला तेव्हा सगळे ट्रक सारखेच संशयित होते, कुणाच्या नावावर आधीची नोंद नव्हती. आणि उत्तर चुकलं असतं तर ते पकडायला ट्रकची चाकं होती, टोलची पावती होती, चालकाच्या मोबाइलचं ठिकाण होतं.

प्रश्न 'कोणता ट्रक' असा न राहता 'कोणता माणूस' असा झाला की या तिन्ही गोष्टी बदलतात. मला या लेखात तेच मांडायचं आहे, कारण महाराष्ट्र आता पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नाकडे निघाला आहे.

'मार्व्हल' म्हणजे 'महाराष्ट्र रिसर्च अँड व्हिजिलन्स फॉर एन्हान्स्ड लॉ एन्फोर्समेंट'. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं बनवून देण्यासाठी राज्य सरकारनं २०२४ मध्ये नागपुरात ही स्वतंत्र कंपनी काढली, नागपूरची आयआयएम तिच्या जोडीला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांच्या उपस्थितीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 'महाक्राइमओएस एआय' ही प्रणाली राज्यातल्या १,१०० पोलीस ठाण्यांमध्ये नेण्याचं जाहीर केलं. त्याआधी नागपूरच्या २३ ठाण्यांत तिचा वापर करून पाहण्यात आला होता.

ठाण्यात बसणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर ही मदत किती मोलाची आहे ते कळतं. ऑनलाइन फसवणुकीचा एक गुन्हा दाखल झाला की पैसे एका खात्यातून पाचपन्नास खात्यांत पांगलेले असतात. प्रत्येक बँकेला पत्र, प्रत्येक मोबाइल कंपनीला पत्र, मग हजारो ओळींची खाते-विवरणं आणि मोबाइलच्या कॉल नोंदी, म्हणजे सीडीआर. त्यातच १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदा बदलला. ज्या हवालदाराला ३०२ आणि ४२० झोपेतही पाठ होते, त्याला आता १०३ आणि ३१८ लिहायचं आहे. शोध आणि जप्तीचं चित्रण सक्तीचं झालं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं ठरलं. बंदोबस्त आणि गस्त सांभाळून हे सगळं करायचं. अशा वेळी यंत्र फिर्याद वाचून कलमं सुचवत असेल, पत्रांचे मसुदे करत असेल, विवरणातली पैशाची वाट काढून देत असेल तर त्याला नाही म्हणण्यात अर्थ नाही.

एवढंच की सुचवलेलं प्रत्येक वाक्य माणसानं वाचायला हवं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले न्यायनिर्णय अस्तित्वातच नव्हते. एआयनं दिलेलं उत्तर तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयानं बजावलं. तिथं प्रश्न पैशाचा होता, पुन्हा आकारणी करता आली. गुन्ह्याच्या कागदात असं कलम किंवा असं नाव शिरलं तर माणूस आत जातो. 'भारतातील कारागृह सांख्यिकी २०२२' नुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन जण दोषी ठरण्याआधीच आत. आपल्याकडे चूक न्यायालयात दुरुस्त होईलही, पण तोवर महिने गेलेले असतात, कधी वर्षं.

आता माणसाच्या प्रश्नाकडे येऊ. फेब्रुवारी २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर ११ मार्चला गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत सांगितलं की, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेनं १,१०० हून अधिक जणांची ओळख पटवली आहे आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रं, वाहन परवाने यांची माहिती वापरली आहे. परवान्यासाठी फोटो काढून घेताना कुणाच्या मनात आलं असेल की आपण पोलिसांच्या ओळख परेडमध्ये उभे राहतो आहोत? वर्षभरानं दिल्लीच्या पोलीस आयुक्तांनी आकडे दिले. चित्रणाच्या आधारे अटक झालेल्या २३१ जणांपैकी १३७ जण चेहरा-ओळख यंत्रणेनं शोधले होते, आणि त्यांचे चेहरे जुळवले गेले ते पोलिसांकडच्या गुन्हेगारी नोंदींशी.

ही १३७ ची संख्या मला महत्त्वाची वाटते. यंत्रानं गर्दीत पाहिलं आणि ज्यांचा फोटो पोलिसांच्या वहीत आधीपासून होता, तेच त्याला दिसले. ज्यांचा फोटो वहीत नव्हता, ते तिथं असूनही या शोधापुरते तरी नव्हतेच. यंत्र वहीबाहेरचं जग पाहू शकत नाही.

जुळणं म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवं. माहिती अधिकारात इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेनं विचारलेल्या प्रश्नाला दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये उत्तर दिलं: ८० टक्क्यांपेक्षा जास्त साम्य असेल तर आम्ही ती जुळणी पक्की धरतो. त्याखाली असेल तर जोडीला दुसरा पुरावा शोधतो. ८० टक्के साम्य आणि ८० टक्के खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र दोन चेहऱ्यांची मापं घेतं आणि ती एकमेकांच्या किती जवळ आहेत याचा आकडा देतं. तो माणूस तोच आहे का, हे त्याला माहीत नसतं. धरून चालू की एखादी यंत्रणा हजारात एकदाच चुकते. हे ऐकायला फार बरं वाटतं. पण संग्रहात दहा लाख चेहरे असतील तर एक फोटो टाकल्यावर हजार निरपराध माणसं जुळणार. खरा गुन्हेगार त्यांच्यात असेलच, याची हमी नाही. संग्रह जितका मोठा, तितकी चुकून जुळणाऱ्यांची रांग लांब. 'आमच्याकडे अमुक लाख चेहरे आहेत' असं कुणी अभिमानानं सांगतं तेव्हा मला काळजी वाटते ती यामुळे.

याच दिल्लीत हरवलेली मुलं शोधण्यासाठी हे तंत्र वापरलं गेलं. हेतू इतका चांगला की कुणाला हरकत घ्यावीशी वाटू नये. पण २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलं की यंत्रणा दोन टक्केच अचूक आहे, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की अचूकता एक टक्काही नाही, मुलगा आणि मुलगी यांतला फरकही तिला कळत नाही. यंत्रं त्यानंतर सुधारली आहेत, याबद्दल शंका नाही. मुद्दा असा की हे आकडे कळले ते न्यायालयानं विचारलं म्हणून. आपल्या राज्यातल्या यंत्रणांची अशी परीक्षा कोण घेतो आणि निकाल कुठे छापला जातो?

तेलंगणातली एक घटना इथं सांगायलाच हवी. तिच्यात एआय वापरल्याचा माझा दावा नाही. जानेवारी २०२३ मध्ये मेदकच्या पोलिसांनी सोनसाखळी चोरीच्या संशयावरून एका मजुराला उचललं, कारण सीसीटीव्हीत दिसणारा चोर त्याच्यासारखा वाटत होता. चोर तो नव्हता. त्याला सोडून दिलं गेलं. कोठडीत मारहाण झाल्याचं त्यानं रुग्णालयातून सांगितलं आणि फेब्रुवारीत तो गेला. तेलंगण उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. 'सारखा दिसतो' एवढ्यावर आपल्या कोठडीत काय होऊ शकतं, ते यात आहे. यंत्र त्या 'सारखा दिसतो'ला एक आकडा जोडून देतं आणि आकड्याला सहसा कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. त्याच राज्यात हैदराबादचे सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांनी चेहरा ओळखण्याच्या तंत्राविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली आहे. रस्त्यात पोलिसांनी त्यांना अडवून, मास्क काढायला लावून फोटो काढला होता, तिथून ती याचिका उभी राहिली.

चेहऱ्याच्याही पुढची पायरी म्हणजे गुन्हा घडण्याआधी तो कुठे घडेल, कोण करील, हे सांगणं. अमेरिकेनं हे करून पाहिलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी घेऊन क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोलीस खात्यांना विकल्या जाणाऱ्या भाकीत-पद्धतीत त्या नोंदी घातल्या आणि ती पोलिसांना कुठं पाठवते ते पाहिलं. आरोग्य सर्वेक्षणांच्या अंदाजानुसार अमली पदार्थांचा वापर शहरभर जवळपास सारखा पसरलेला होता. यंत्र मात्र पुन्हा पुन्हा कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांकडे बोट दाखवत राहिलं, कारण आधीच्या अटका तिथल्या होत्या. पोलीस तिथं जाणार, तिथं काहीतरी सापडणार, ते नोंदलं जाणार आणि दुसऱ्या दिवशी यंत्राची तिथली खात्री आणखी वाढणार. शिकागो पोलिसांनी तर माणसांचीच यादी केली. ती जवळजवळ चार लाख नावांपर्यंत गेली. रँड संस्थेनं तिच्या पहिल्या रूपाचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की यादीमुळे गोळीबाराला बळी पडणाऱ्यांची संख्या घटली नाही, पण यादीतल्या माणसांना गोळीबाराच्या प्रकरणांत अटक होण्याचं प्रमाण मात्र वाढलं. शिकागोनं ती यादी बंद केली. लॉस एंजेलिसनं भाकीत-प्रणाली २०२० मध्ये थांबवली, सांताक्रूझनं त्याच वर्षी तिच्यावर बंदी घातली. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानुसार फेब्रुवारी २०२५ पासून, केवळ माणसाच्या स्वभावाच्या आणि पार्श्वभूमीच्या आराखड्यावरून तो गुन्हा करील असं भाकीत करणाऱ्या प्रणालींना मनाई आहे.

दिल्लीतही 'सीमॅप्स' नावाची गुन्ह्यांचे नकाशे करणारी प्रणाली आली. विदुषी मर्डा आणि शिवांगी नारायण या दोघींनी तिचा अभ्यास केला. शंभर नंबरवर येणारे फोन यंत्राच्या माहितीत कसे उतरतात, ते त्यांनी पाहिलं. उच्चभ्रू वसाहतीतला पत्ता नकाशावर नेमका बसतो, झोपडपट्टीतला बसत नाही. कुणाची तक्रार काय म्हणून नोंदवायची, हे फोन घेणारा माणूस ठरवतो. यंत्र जे शिकतं ते गुन्हे नसतात. गुन्ह्यांबद्दल पोलिसांनी जे लिहून ठेवलं, ते असतं.

आणि पोलिसांच्या वहीत कुणाला लिहिलं जातं, हे महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींतलं मूल जन्मतःच संशयित ठरू लागलं. नोंद, हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. गिरणीतलं काम संपलं की परत कुंपणात आणि हजेरी. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात.

या बंदोबस्ताला त्या काळातल्या सर्वांत नव्या विज्ञानाची जोड होती. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला एका करारावर हाताचा ठसा घेतला, तिथून पुढं १८९७ मध्ये कोलकात्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांची वर्गवारी करणारं गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी बसवलं, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं झालं. ठशांचं शास्त्र खरं होतं. त्यानं असंख्य गुन्हे उकलले, कित्येक निरपराध सुटले. पण १९११ च्या कायद्यानं नोंदणी झालेल्या जमातीतल्या कुणाचेही ठसे घ्यायचा अधिकार दिला, गुन्हा केलेला असो वा नसो. शास्त्र चोख होतं, वही खोटी होती.

मुंबई राज्यानं हा कायदा १९४९ मध्ये काढला, देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. माणसं विमुक्त झाली. पण १९५९ मध्ये मुंबईचा सराईत गुन्हेगारांबाबतचा कायदा आला आणि ठाण्यातल्या वहीतली नावं बहुतेक तीच राहिली. गावात चोरी झाली की पहिली धाड कुणाच्या पालावर पडते, हे लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'त आतून लिहिलं. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. धाडी त्यानंतर थांबल्या असं मात्र भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत कुणी म्हणणार नाही. पारध्याच्या पोराला पहिल्यांदा ठाण्यात बसवून ठेवलं जातं तेव्हा त्याच्या नावापुढं एक ओळ लिहिली जाते. पुढच्या वेळी त्या ओळीमुळे त्याला बोलावलं जातं आणि दुसरी ओळ लिहिली जाते. यंत्राला त्या ओळींच्या मागचं काही दिसत नाही, फक्त ओळींची संख्या दिसते. भोपाळमधल्या 'क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट' या गटानं २०२१ मध्ये हाच धोका सविस्तर मांडला होता: जातीनं आखलेली नोंद संगणकात गेली की तिच्यावरचं जातीचं नाव पुसलं जातं आणि ती नुसती 'माहिती' होते.

२०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं हे वर्तुळ आणखी मोठं केलं. १९२० चा जुना कायदा जाऊन आता बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळं, दृष्टिपटल, स्वाक्षरी, हस्ताक्षर घेता येतं आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करायची तरतूद आहे. पण ती नोंद ज्या यंत्राला शिकवण्यासाठी एकदा वापरली गेली, त्या यंत्राच्या शिकण्यातून ती कशी पुसायची? कायदा यावर काही बोलत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आधार घ्यावा म्हटलं, तर केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्यातून मोकळं करण्याची मुभा त्याच कायद्यात आहे.

आशेची जागा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या दोन निकालांत आहे. मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयानं हिस्ट्रीशीटचा, म्हणजे ठाण्यात ठेवल्या जाणाऱ्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदींचा, विषय हाती घेतला. मागास, वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे वहीत टाकली जातात, हे सर्व राज्यांनी तपासावं आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं या नोंदींची वेळोवेळी छाननी करावी, असं सुचवलं. ३ ऑक्टोबरला मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं कारागृहांतले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक होऊ नये, अशी ताकीद पोलिसांना दिली. माझं म्हणणं असं की ही छाननी आधी व्हावी आणि मग वही यंत्राला द्यावी. १,१०० ठाण्यांत संगणक पोचण्याआधी तिथल्या हिस्ट्रीशीट तपासून घेणं खर्चाचं काम नाही. इच्छेचं आहे.

न्यायालयांनी स्वतःच्या घरात एआय बरंच जपून आणलं. नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' आणि संशोधनासाठी 'सुपेस' ही साधनं आली. मार्च २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात एका जामीन अर्जावर चॅटजीपीटीला प्रश्न विचारला गेला तेव्हा चर्चा झाली, पण न्यायमूर्तींनी ते मत गुणदोषाचं नसल्याचं स्पष्ट केलं होतं. केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये धोरणच ठरवलं: निष्कर्ष, दिलासा, आदेश, निकाल यांसाठी एआय वापरायचं नाही. अमेरिकेतल्या कित्येक न्यायालयांत आरोपी पुन्हा गुन्हा करील का, याचे गुण देणारी 'कम्पास' ही प्रणाली वापरली गेली. ती कशी मोजते हे कंपनीनं व्यापारी गुपित म्हणून सांगितलं नाही. २०१६ मध्ये प्रोपब्लिकाच्या पत्रकारांनी फ्लोरिडाच्या एका परगण्यातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुढं गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्क्यांना तिनं धोकादायक ठरवलं होतं. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २३.५ टक्के होतं. आपल्या न्यायालयांनी तो रस्ता धरलेला नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण खटला न्यायालयात पोचण्याआधीच बरंच काही घडून गेलेलं असतं, आणि ते घडतं ठाण्यात.

डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या घराच्या अंगणात, बायको आणि दोन लहान मुलींसमोर बेड्या घातल्या गेल्या. दुकानातून घड्याळं चोरल्याचा आरोप. सीसीटीव्हीतल्या अंधुक चित्राला यंत्रानं त्याच्या जुन्या वाहन परवान्याचा फोटो जुळवला होता. मग तोच फोटो ओळख परेडसारखा दुकानाच्या सुरक्षा कंत्राटदाराकडच्या बाईला दाखवला गेला. चोरी तिनं प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, फक्त चित्रण पाहिलं होतं. तिनं बोट ठेवलं आणि यंत्राच्या चुकीवर साक्षीदाराचा शिक्का बसला. तीस तास तो कोठडीत होता. आपल्याकडे पंच आणि ओळख परेड कशी होते, हे जाणणाऱ्याला यातला धोका लगेच कळेल. यंत्राला जो माणूस मिळाला, त्याच्यासारखाच दिसणारा माणूस साक्षीदारालाही 'तोच' वाटणार. दोन पुरावे झाले असं वाटतं, पण असतो एकच.

जून २०२४ मध्ये त्या प्रकरणात तडजोड झाली आणि तिच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही. दुसरा स्वतंत्र पुरावा नसताना तो फोटो साक्षीदाराला दाखवायचा नाही. पोलिसांना या तंत्राच्या मर्यादांचं प्रशिक्षण द्यायचं. २०१७ पासून या तंत्राच्या आधारे मिळवलेल्या अटक वॉरंटांची पुन्हा तपासणी करायची. ब्रिटनमध्ये कार्डिफच्या एका नागरिकाच्या दाव्यावर अपील न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी साउथ वेल्स पोलिसांना सांगितलं होतं की, कुणाचा चेहरा शोधायचा आणि कॅमेरा कुठं लावायचा, हे सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. शिवाय यंत्र वंश किंवा लिंगाच्या बाबतीत पक्षपाती नाही ना, याची खातरजमा पोलिसांनी केली नव्हती, हेही बेकायदा ठरवलं.

आपल्याकडे खबऱ्याची टीप पुरावा धरली जात नाही. तिच्यावरून तपास सुरू होतो, सापळा लागतो, पण न्यायालयात उभं राहायला मुद्देमाल लागतो, साक्ष लागते. यंत्रानं दिलेल्या नावाची जागा हीच असायला हवी. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आता त्यात तज्ज्ञाचाही भाग आहे. पण ते प्रमाणपत्र सांगतं की ही प्रत मूळ नोंदीशी जुळते. यंत्राचं उत्तर बरोबर आहे का, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. हा फरक सरकारी वकिलानं, बचावाच्या वकिलानं आणि न्यायाधीशानं लक्षात ठेवला नाही तर प्रमाणपत्र असलेली चूक पुरावा म्हणून नोंदली जाईल.

बहुतेक वेळा तर यंत्राचं नाव दोषारोपपत्रात येणारच नाही. यंत्रानं माणूस दाखवला, पोलिसांनी त्याला आणलं, पुढं जे सापडलं ते कागदावर आलं, पहिली पायरी गायब. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फौजदारी खटल्यांच्या नियमांचा मसुदा राज्यांना दिला. पोलिसांनी जमवलेली, पण आधाराला न घेतलेली कागदपत्रं आणि वस्तू यांची यादीही आरोपीला मिळावी, असं त्यात आहे. यंत्रात केलेला शोध आणि त्यानं दिलेली नावं या यादीत आली पाहिजेत.

त्याहूनही आधी एक जागा आहे. वरळीत जुलै २०२४ मध्ये झालेल्या गाडीच्या अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक प्रश्न गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं निकाल दिला: कोणत्याही गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं लेखी द्यायची, त्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढं नेण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची. संशयित यंत्रानं शोधला असेल तर अटकेच्या कारणांच्या त्या कागदावर ते लिहिलेलं असावं: कोणती प्रणाली, कोणता फोटो टाकला, कोणत्या संग्रहात शोधला, साम्याचा आकडा किती आला, यादीत आणखी कितीजण होते आणि ते का वगळले, निकाल कोणत्या अधिकाऱ्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि यंत्राला बाजूला ठेवलं तर या माणसाविरुद्ध काय उरतं. गृह विभागाच्या एका परिपत्रकानं हे होऊ शकतं. परिपत्रक येईपर्यंत हे प्रश्न पहिल्या रिमांडच्या वेळी वकिलानं विचारायचे आहेत, आणि वकील नसेल तर दंडाधिकाऱ्यानं.